गावठाणातल्या कॅसेटी खाली काढा

नवी मुंबईतल्या प्रत्येक आगरी-कोळी घराला माझी कळकळीची विनंती आहे. तुमच्या माळ्यावर, कपाटाच्या वरच्या फळीवर नाहीतर पलंगाखालच्या पेटीत जुन्या कॅसेटींचा एखादा खोका असेल. तो खाली काढा. घर पाडून नवी इमारत उभी करायची असेल, तर सामान हलवण्याच्या गडबडीत तो भंगारात जाऊ देऊ नका. त्यात सिनेमाची गाणी असतील, भजनं असतील, वेसावकरांची कोळीगीतं असतील. ती बाजूला ठेवली की तळाशी एखादी कॅसेट निघेल, जिच्यावर बॉलपेनाने नुसतं 'हळद' किंवा 'मांडव' लिहिलंय, शेजारी घरातल्या कुणाचं तरी नाव आणि एखादं साल. आपल्याला हवी आहे ती ही कॅसेट. कारण तिच्यात धवलारीण गातेय.

आगरी-कोळ्यांच्या लग्नाला गेलेल्याला धवलारीण सांगायला नको. ज्यांनी फक्त डीजेवरची हळद पाहिली आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मांडव घालण्यापासून विधीच्या प्रत्येक टप्प्याला धवला असतो. उंबराची फांदी आणताना वेगळा, हळद दळताना वेगळा, नवऱ्यामुलाला आंघोळ घालताना वेगळा. गावदेवीला, शिवेवरच्या देवांना, कार्ल्याच्या एकवीरेला आणि घरातल्या पितरांना लग्नाचं आवतण जातं तेही धवल्यातून. धवलारीण एक ओळ उचलते, बरोबरीच्या बायका ती झेलतात. वाद्य नाही, वही नाही. पुढे काय करायचं, कुणी काय धरायचं, कुणी कुणाच्या कपाळाला काय लावायचं, हेही गाण्यातच येतं. पूर्वी अनेक ठिकाणी तिनेच लग्न लावलं आहे. भटजी आला तरी तिचा मान राहिला. ही विद्या शिकवणारी शाळा कधीच नव्हती. सासूच्या, आत्याच्या, मावशीच्या मागे बसून, आधी झेलत झेलत आणि मग स्वतः उचलत ती पुढे आली.

आता मागे बसणाऱ्या मुली नाहीत. हा दोष मुलींचा नाही. त्या कॉलेजात आहेत, नोकरीत आहेत, आणि असायलाच हव्यात. पण म्हणूनच जी विद्या आपसूक पुढे जात होती, ती आता ठरवून पुढे न्यावी लागेल.

कुणी म्हणेल, यूट्यूबवर धवले आहेत की. आहेत, आणि ज्यांनी टाकले त्यांचे आभार मानायला हवेत. पण त्यातलं बरंचसं पाच-सात मिनिटांचं आहे, हळदीपुरतं आहे, आणि पुष्कळदा खाली कीबोर्ड वाजतो. धवला कीबोर्डच्या ठेक्यावर बसवला की त्याची लय जाते. धवलारणीचा श्वास जिथे तुटतो तिथे ओळ तुटते, हातातलं काम लांबलं की ओळही लांबते. आणि मांडवापासून वरातीपर्यंतचा अख्खा क्रम, एका गावाचा, एका बाईच्या तोंडचा, सलग असा फार क्वचित ऐकायला मिळतो. तो हरवतो आहे. सुटे तुकडे राहतील आणि त्यांना जोडणारी गोष्ट जाईल.

गाण्याचा एक भाग राहून दुसरा हरवणं, हे मराठीत एकदा होऊन गेलं आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ऋद्धिपूरला, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यात, महानुभाव पंथातल्या गोविंदप्रभूंच्या लग्नाचा एक लीलाप्रसंग घडला आणि त्यासाठी महदाइसेने कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे रचले. मराठीची आद्य कवयित्री म्हणून आपण तिचं नाव घेतो ते त्या धवळ्यांमुळे. म्हणजे मराठीत बाईने रचलेलं, आज हाती असलेलं सगळ्यात जुनं काव्य हे लग्नातलं गाणं आहे, आणि त्या जातीचं गाणं घणसोलीत, करावेत, दिवाळ्यात परवापरवापर्यंत तोंडी चालू होतं. महानुभावांनी महदाइसेचे शब्द सांकेतिक लिपीतल्या पोथ्यांमध्ये शतकानुशतकं जिवापाड जपले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिपीची उकल झाली आणि ते सगळ्यांना वाचता आले. पण त्या दिवशी तिने ते कोणत्या चालीत म्हटले, कुठे थांबली, झेलणाऱ्या बायकांनी कुठे सूर धरला, हे कोणती पोथी सांगणार? शब्द आले, आवाज आला नाही. त्या काळी दुसरा इलाजच नव्हता.

आपल्याकडे इलाज आहे. प्रत्येकाच्या खिशात आहे. आणि इथली स्थिती नेमकी उलटी आहे: चाल अजून जिवंत आहे, शब्द मात्र बहुतेक गावांतून कुणी उतरवून घेतलेले नाहीत. म्हणजे धवलारीण गेली की दोन्ही एकाच दिवशी जातात.

नवी मुंबईला याची घाई इतरांपेक्षा जास्त का, तेही बोललं पाहिजे. १९७० साली सिडको आली आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या ९५ गावांची जमीन या शहरासाठी घेतली गेली. भातशेती गेली, मिठागरं गेली, खाडीवर भराव पडले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ला उरण तालुक्यात जमिनीच्या भावासाठी उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्क्यांची योजना आली. जमिनीसाठी आपण लढलो, आणि त्याचा आपल्याला अभिमान आहे. विमानतळाला दिबांचं नाव मिळावं म्हणून लाखभर माणूस रस्त्यावर आणायची ताकद आपल्यात आहे. त्याच ताकदीचा एक लहानसा वाटा मी धवल्यासाठी मागतो आहे.

विमानतळासाठी चिंचपाडा, कोल्ही, कोपर, उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, वरचे ओवळे, वाघिवली ही गावं उठली. माणसं नव्या वसाहतींत गेली, देवळं नव्याने बांधली. ८ ऑक्टोबर २०२५ला विमानतळाचं उद्घाटनही झालं. गाव उठतं तेव्हा भरपाईच्या यादीत घर येतं, झाड येतं, विहीर येते. धवला येत नाही. एका आळीतल्या ज्या चार बायका एकमेकींची ओळ झेलत होत्या, त्या चार वेगवेगळ्या सेक्टरांत राहायला गेल्या, की पाचवीला शिकायला जागाच उरत नाही. या गावांचे धवले आधी रेकॉर्ड व्हायला हवेत, बाकीच्यांच्या आधी. माझं हे मत कुणाला पक्षपाती वाटलं तरी चालेल.

उत्तरेला डहाणू-तलासरीकडे बघा. वारल्यांच्या लग्नातही धवलेरी असते. सुवासिनी भिंतीवर चौक लिहितात आणि धवलेरी गाते, दोन्ही मिळून एकच विधी. १९७०च्या दशकात ते चित्र भिंतीवरून कागदावर उतरलं. जिव्या सोमा म्हशे यांनी ते जगभर नेलं, २०११ला त्यांना पद्मश्री मिळाली. आज वारली चित्र साडीवर आहे, रेल्वे स्टेशनच्या भिंतीवर आहे, शाळेच्या वहीवर आहे. त्याच वेळी, त्याच भिंतीसमोर बसून जी गात होती, तिचं गाणं किती जणांनी ऐकलं आहे? जे कागदावर उतरलं ते तरलं.

गाणं टेपवर उतरवल्याने काय होतं, याचा महाराष्ट्रातच मोठा दाखला आहे. पुण्याचे गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या मिळवायला सुरुवात केली, तेव्हा पिठाच्या गिरण्या येऊन जाती थांबू लागली होती. एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. बर्नार बेल यांनी नव्वदच्या दशकात त्यांतल्या कितीतरी गाणाऱ्या बायकांच्या आवाजात ध्वनिमुद्रित केल्या. पॉइतवँ २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली. तरी काम थांबलं नाही. पी. साईनाथ यांच्या 'परी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संग्रहाने तो सगळा साठा हाती घेतला, आणि ओवीसोबत गाणारीचं नाव, तिचं गाव, तिचा आवाज असं एकेक करून लोकांसमोर ठेवलं. इतक्या वर्षांनी कार्यकर्ते पुन्हा त्या गावांत गेले. काही बायका भेटल्या, काहींची लेकरं-नातवंडं भेटली. आपल्या आजीचा आवाज तिच्या मागे ऐकणं म्हणजे काय, ते त्या घरांना विचारावं.

उशीर किती थोडा पुरतो, तेही ऐका. भाऊराव कोल्हटकरांच्या गाण्यावर अख्खा महाराष्ट्र लुब्ध होता. किर्लोस्करांच्या नाटकांतला तो आवाज ऐकलेल्यांनी पानंच्या पानं लिहून ठेवली आहेत. भाऊराव फेब्रुवारी १९०१मध्ये गेले. फ्रेड गायसबर्ग ग्रामोफोनचं यंत्र घेऊन कोलकात्यात आला आणि गौहरजानचं गाणं तबकडीवर घेतलं, ते नोव्हेंबर १९०२मध्ये. पावणेदोन वर्षं. तेवढ्याने भाऊरावांचा आवाज कायमचा गेला. गौहरजान मात्र आजही ऐकू येते, कारण तिची तबकडी निघाली आणि पुढे ती तबकडी कुणीतरी घरात सांभाळली. मुंबईत १९९० साली सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या सुरेश चांदवणकरांसारख्या माणसांनी चोरबाजारातून, जुन्या वाड्यांतून तबकड्या शोधून काढल्या नसत्या, तर मराठी नाट्यसंगीताचा सुरुवातीचा काळ आपल्याला मुका राहिला असता. ते कुणी सरकारी अधिकारी नव्हते. आवड असलेली, चिकाटीची माणसं होती. अशी माणसं आपल्या गावठाणांतही आहेत.

आता कॅसेटीकडे परत येतो, कारण इथे हाताला काम आहे.

कॅसेट म्हणजे प्लास्टिकच्या फितीवर लोहाच्या ऑक्साइडचा पातळ थर. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत त्या थरावर बुरशी येते. काचेच्या खिडकीतून फितीच्या गुंडाळीवर पांढरी भुकटी दिसली, तर ती कॅसेट वाजवू नका. वाजवली की टेपचं हेड ती भुकटी ओढत नेतं आणि थरही खरवडला जातो. अशी कॅसेट सुक्या जागी वेगळी ठेवा, ती जाणत्याच्या हातात जाऊ द्या. बाकीच्यांच्या वरच्या कडेला दोन लहान प्लास्टिकचे दात असतात. ते आधी मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डिंगची कळ दाबली गेली तरी धवला पुसला जाणार नाही. फीत सैल असेल तर चाकात पेन्सिल घालून हलकेच ताणून घ्या. तीस वर्षं बंद पडलेल्या टेपरेकॉर्डरमध्ये ती थेट घालू नका, आधी हेड स्वच्छ करून एखादी बिनकामाची कॅसेट वाजवून बघा. मग लाइन-आउटमधून तार काढून संगणकाला लावा. फोन टेपसमोर धरून घेतलेलं रेकॉर्डिंग नसल्यापेक्षा बरं, पण त्याने भागवू नका. डब्ल्यूएव्ही फाइल करा, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एमपीथ्री वाटायला चालते, जपायला चालत नाही. साठ मिनिटांच्या कॅसेटीला साठ मिनिटं लागतात, यात घाई करायची सोय नाही.

युनेस्को आणि ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी मिळून २०१९ सालीच इशारा दिला होता: २०२५च्या सुमारास चुंबकीय फिती वाजवण्याची साधनं सहज मिळेनाशी होतील, सुटे भाग मिळणार नाहीत, दुरुस्त करणारे राहणार नाहीत. ती मुदत उलटून गेली आहे. कुठल्याही स्टेशनाबाहेर टेप दुरुस्त करणारा शोधून बघा, म्हणजे पटेल.

कॅसेटीइतकाच महत्त्वाचा दुसरा साठा लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटींचा आहे. इथे एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या लग्नाच्या व्हिडिओत हळदीच्या दृश्यांवर व्हिडिओवाल्याने बहुतेक वेळा सिनेमाचं गाणं चढवलेलं असतं. पडद्यावर धवलारीण गाताना दिसते, तिचे ओठ हलतात, मागच्या बायका डोलतात, आणि ऐकू येतं ते भलतंच गाणं. पण जोडकाम करण्याआधीची मूळ कॅसेट कुठे शिल्लक असेल, तर तिच्यावर कॅमेऱ्याच्या माइकने घेतलेला खरा आवाज असू शकतो. म्हणून नवी मुंबई-पनवेल-उरणच्या जुन्या व्हिडिओ शूटिंगवाल्यांना माझं हात जोडून सांगणं आहे: तुमच्या दुकानाच्या मागच्या खोलीतला तो ढीग फेकण्याआधी एकदा हाक द्या.

जुनं वाचवताना नवं ध्वनिमुद्रण थांबू नये. आज सत्तरी-ऐंशीच्या धवलारणी आपल्यात आहेत. त्यांच्यापर्यंत जाताना एवढं ध्यानात ठेवा की हे गाणं स्टुडिओचं नाही. उगाच बसल्याजागी म्हणायला सांगितलं तर पुष्कळजणींना ओळी आठवत नाहीत, आणि काहींना लग्न नसताना धवला म्हणणं बरंही वाटत नाही. त्यात त्यांचं चुकत नाही. हातात हळद असली, समोर मांडव असला की गाणं आपोआप येतं. म्हणून तुळशीचं लग्न झालं आणि लग्नसराई लागली की खऱ्या लग्नातच रेकॉर्ड करा. धवलारणीच्या जवळ एक छोटा रेकॉर्डर ठेवा, आणि घरच्यांनी तेवढा वेळ डीजे बंद ठेवा. ही एक गोष्ट यजमानाच्या हातात आहे. हळद लागण्यापूर्वीचा एखादा तास बायकांच्या आवाजाला दिला, तर कुणाची मजा कमी होत नाही. मग लग्न उरकल्यावर, चार दिवसांनी, तिच्याच घरी बसून तिला तिचं रेकॉर्डिंग ऐकवा आणि अर्थ विचारा. कुठला देव, कुठली विहीर, कुठलं शेत, ही ओळ कुणाकडून शिकली. तेव्हा ती जे सांगेल तेही रेकॉर्ड करा. त्यात बुजवलेल्या खाडीचा आणि उठलेल्या गावाचा नकाशा सापडेल.

लिहून घेताना भाषा सुधारू नका. ती 'पानी' म्हणत असेल तर 'पानी'च लिहा. 'मना' म्हणत असेल तर त्याचं 'मला' करू नका. सारसोळ्याचा धवला आणि दिघ्याचा धवला वेगळा निघाला, तर कुठला बरोबर असा वाद घालू नका, दोन्ही ठेवा. चक्रधरांच्या लीळा जमवताना म्हाइंभट ज्याने जे पाहिलं-ऐकलं त्याच्याकडे जाऊन विचारत फिरला, आणि पुढे एकाच लीळेचे वेगवेगळे पाठ ज्याच्या त्याच्या नावाने महानुभावांनी राखून ठेवले. सातशे वर्षांपूर्वी मराठी माणसाला जे कळलं होतं, ते आज आपल्याला जड जाऊ नये.

आणि तिचा मान. रेकॉर्ड करण्याआधी तिची परवानगी घ्या, मानधन द्या, एक प्रत तिच्या घरी पोचवा. सगळ्या जगाला ऐकवायचं की नाही हे तिला ठरवू द्या. काही धवले ती घरापुरतेच ठेवा म्हणेल, तर ते तसेच राहतील. कॅसेटींच्या धंद्यात कितीतरी गाणी 'पारंपरिक' या एका शब्दाखाली विकली गेली आणि जिच्या तोंडून ती आली तिचं नाव कुठेच छापलं नाही. आपल्या संग्रहात प्रत्येक धवल्यावर बाईचं नाव हवं, तिच्या माहेरचं आणि सासरचं गाव हवं, ती जिच्याकडून शिकली तिचंही नाव हवं.

हे सगळं ठेवायचं कुठे? एकेकट्याच्या हार्ड डिस्कवर ते फार काळ टिकणार नाही. नेरूळला आगरी-कोळी भवन उभं आहे. तिथे एक खोली, एक चांगला दुरुस्त केलेला कॅसेट डेक, एक व्हिडिओ प्लेअर, एक संगणक आणि दोन पगारी तरुण एवढ्याने सुरुवात होते. महापालिका दरवर्षी महोत्सवांवर खर्च करते. सिडकोने या गावांच्या जमिनीवर शहर उभं केलं, तेव्हा त्या गावांचा आवाज जपण्याची जबाबदारी तिने आपणहून घ्यायला हवी. महापालिकेने आणि सिडकोने मिळून हा ध्वनिसंग्रह उभा करावा, अंदाजपत्रकात त्याला स्वतःचं शीर्षक द्यावं, आणि कारभारात धवलारणी असाव्यात, अशी मागणी आपण लेखी केली पाहिजे. आता गुरुग्रामला असलेलं अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं ध्वनिसंग्रहालय १९८२पासून हेच काम करत आलं आहे. मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी हाकेच्या अंतरावर आहे. प्रतींचा एक संच अशा ठिकाणी राहिला, तर इथे पाणी शिरलं तरी गाणं जाणार नाही.

पण त्यांची वाट बघत बसू नका. गावकीची पुढची बैठक होईल, गावदेवीच्या जत्रेची वर्गणी ठरेल, तेव्हा हा विषय घ्या. गावात धवलारणी किती, कुणाच्या घरी कॅसेटी आहेत, टेपरेकॉर्डर कुणाचा चालू आहे, एवढी यादी त्याच बैठकीत होते. तीन जण ठरवा: एक संगणक जाणणारा, एक आगरी बोली नीट लिहिणारी, आणि एक अशी बाई जिला घराघरांत शिरायला कुणाची ओळख लागत नाही. वर्गणीतले थोडे पैसे रेकॉर्डरला आणि धवलारणीच्या मानधनाला काढा. ज्या घरी येत्या सराईत लग्न आहे, त्या घराशी आत्ताच बोलून ठेवा.